चार दिवसांचे धन्वंतरी

धनत्रयोदशीला जुने वैद्य धन्वंतरीची पूजा करीत आणि प्रसाद म्हणून कडुनिंबाची पाने साखरेबरोबर वाटीत. करंज्या-अनारशांच्या दिवसांत हा कडू घास कशाला, असे कुणी विचारीत नसे. वर्षातून एकदा तो घ्यायचाच, अशी रीत होती. आज मी वाचकांच्या फराळाच्या ताटात तसलेच एक पान ठेवणार आहे. साखर थोडी कमी पडली तर राग मानू नये.

माझे भांडण आहे ते सगळ्यांना चांगल्या वाटणाऱ्या एका गोष्टीशी. सुट्टी लागली की विद्यार्थ्यांचे तांडे 'वैद्यकीय सेवे'साठी बाहेर पडतात. युरोप-अमेरिकेतले विद्यार्थी आफ्रिकेत जातात, दक्षिण अमेरिकेत जातात, आपल्याकडे येतात. आपले मुंबई-पुण्याचे विद्यार्थी पालघरच्या पाड्यांवर जातात, कोळीवाड्यांत येतात. आठ दिवस, फार तर पंधरा दिवस राहतात. रक्तदाब मोजतात, गोळ्या वाटतात, मुलांना खाऊ देतात आणि परत जातात. जाताना त्यांच्याजवळ एक प्रमाणपत्र असते आणि गावच्या पोरांना कडेवर घेतलेली शेपन्नास छायाचित्रे असतात. न्यू जर्सीतल्या बहिणीचा दादरच्या बहिणीला फोन येतो : "अगं, आमच्या चिरंजीवाला कॉलेजच्या प्रवेशासाठी काहीतरी सेवा दाखवावी लागते. तुमच्याकडे एखाद्या खेड्यात शिबीरबिबीर असेल तर बघ ना." दादरची मावशी बघते. भाचा येतो, गळ्यात स्टेथॉस्कोप अडकवतो. कॉलेजात जायच्या आधीच तो गरिबांचा डॉक्टर झालेला असतो.

ह्या प्रकाराला सेवा म्हणायला माझी तयारी नाही. जो विद्यार्थी गावाची भाषा जाणत नाही, तिथे टिकत नाही आणि आपल्यामागे कुणाला शहाणे करून जात नाही, तो त्या गावाचा पाहुणा आहे. पाहुण्याचे स्वागत करावे, त्याला मासळीचे जेवण घालावे. पण आजाऱ्याची नाडी त्याच्या हाती देऊ नये. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मी शेवटपर्यंत सोडणार नाही.

हे बोलणारी मी कोण, असे कुणी विचारील. मी डॉक्टर नाही. दहावीच्या पुढे माझे शिक्षण झाले नाही. पालीच्या बाजूला एका लहान खाजगी शाळेत मी मुलांना मराठी शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. पाली म्हणजे भाईंदर पश्चिमेच्या टोकाला, उत्तनच्या शेजारी, समुद्राला टेकलेले गाव. कागदोपत्री ते मीरा-भाईंदर महानगरपालिकेत, म्हणजे २००२ सालापासून महानगरात आहे. पण त्याचा दिवस अजून भरती-ओहोटीवर चालतो. पुरुष बोटीवर जातात, बायका मासळी निवडतात, सुकवतात आणि पाट्या घेऊन बाजार गाठतात. मोठ्या दुखण्यासाठी बस पकडून भाईंदर आणि तिथून पुढे लोकल पकडून मुंबई. असे गाव शिबीरवाल्यांच्या फार सोयीचे असते. ते गरीब दिसते, छायाचित्रात सुंदर येते आणि संध्याकाळी घरी परतता येते.

काही वर्षांपूर्वी असेच एक शिबीर आमच्या शाळेच्या सभागृहात झाले. ते कोणत्या संस्थेचे होते ते सांगत नाही. नाव बदलले तरी गोष्ट तीच राहते. तीसएक विद्यार्थी होते, त्यांत काही परदेशी. एक खरे डॉक्टर उद्घाटनाला आले, नारळ फोडला, चहा घेतला आणि दुसऱ्या कामाला निघून गेले. मग टेबले मांडली गेली आणि अडचण अशी आली की टेबलामागच्या मुलांना टेबलापुढच्या बायकांचे बोलणे कळेना. पुण्याच्या मुलांनाही आमच्या कोळणींची मराठी पहिल्या झटक्यात कळत नाही, तिथे परदेशी मुलांची काय कथा! तेव्हा आयोजकांनी माझ्या वर्गातल्या आठवीच्या मुलींना दुभाषी म्हणून टेबलाटेबलाशी उभे केले.

एका टेबलाशी पन्नाशी ओलांडलेली एक बाई बसली. तिची पाळी जाऊन वर्षे झाली होती आणि आता पुन्हा अंगावरून जाऊ लागले होते. तिने ते हलक्या आवाजात सांगितले. सांगणार कुणाला? शेजारच्या घरातल्या तेरा वर्षांच्या पोरीला, आणि तेही समोर वीस वर्षांचा मुलगा वही उघडून बसलेला असताना. पोर लाजेने लाल झाली. तिने इंग्रजीत सांगितले, 'पोटात दुखते.' मुलाने मान हलवली, पोटदुखी असे लिहिले आणि आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. बाई गोळ्या घेऊन घरी गेली. तिला वाटले, आपण डॉक्टरला दाखवले.

चार दिवसांनी मासळी घेताना तिने मला सारे सांगितले. मी तिला वस्तीतल्या आशाताईकडे पाठवले. आशाताईने कपाळाला हात लावला, दुसऱ्याच दिवशी तिला बसमध्ये घातले आणि मोठ्या इस्पितळात नेऊन रांगेत उभे केले. सुदैवाने ती वेळेत पोहोचली. पण मधल्या काळात तिच्या उशाशी ज्या गोळ्या होत्या, त्यांनी तिला फक्त स्वस्थ बसवले होते. पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव हे गर्भाशयाच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकते आणि तो दिसताच तपासणी झाली पाहिजे, हे आशाताईला ठाऊक होते. त्या मुलालाही पुढेमागे ठाऊक झाले असते. त्या दिवशी मात्र त्याच्यापर्यंत ते दुखणे पोहोचलेच नाही.

त्याच शिबिरात अनेकांचा रक्तदाब वाढलेला निघाला. त्यांना दहा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. रक्तदाब हे बहुधा जन्माचे दुखणे. अकराव्या दिवशी काय करायचे, ते सांगायला शिबीर जागेवर नव्हते. हातात उरलेल्या कागदावर सही होती, पण ती कुणाची हे वाचता येत नव्हते. तो कागद घेऊन माणसे दुसऱ्या डॉक्टरकडे गेली, तेव्हा त्याने तो बाजूला सारला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

आता माझ्यावर कोणते आक्षेप येतील ते मला माहीत आहे. पहिला असा की, अहो बाई, काहीच नसण्यापेक्षा थोडे बरे नव्हे का? भुकेल्याला अर्धी भाकरी दिली तर अर्धी भूक भागते, हे मला मान्य आहे. औषधाचे गणित मात्र असे नाही. चुकीची गोळी रोग लपवते. वर 'दाखवले आहे' असे समाधान मिळते आणि खऱ्या डॉक्टरकडची खेप टळते. शिवाय बायकांचा मासळीचा एक दिवस बुडतो, तो कुणी भरून देत नाही. शिबिराच्या हिशेबात 'इतके रुग्ण तपासले' असा आकडा असतो. त्यांतल्या किती जणांचे पुढे काय झाले, याचा रकाना कुठल्या अहवालात दाखवाल?

दुसरा आक्षेप : मग मुलांनी शिकायचे कुठे? त्याचे उत्तर सरळ आहे. शिकवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्याने वैद्यकी करणे हा गुन्हा आहे. हा कायदा मुंबईच्या श्रीमंत वस्तीत लागू आणि कोळीवाड्यात माफ, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. परदेशी विद्यार्थ्यांनी तर स्वतःला एक प्रश्न विचारावा : माझ्या देशात, माझ्या आजीच्या शेजारणीला मी आज ही गोळी देऊ शकेन का? तिथे तुरुंगाची भीती असेल आणि इथे टाळ्या मिळत असतील, तर गरिबाच्या देहाची किंमत तुम्ही कमी धरली आहे. विकसनशील देश म्हणजे विद्यार्थ्यांनी हात बसवून घेण्याची पाटी नव्हे.

आणि गावात जाऊन शिकण्याची चांगली रीत आपल्या महाराष्ट्रातच आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढले. तिथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. मुले आधी त्या गावात पंधरा दिवस राहतात, प्रत्येकाकडे काही घरे येतात आणि मग पुढली काही वर्षे ती त्याच घरी पुन्हा पुन्हा जातात. ह्या घरात पाणी कुठून येते, सुनेला शेवटचे पान मिळते का, म्हातारा गोळी का घेत नाही, हे त्यांना पाहावे लागते. पंधरा दिवस तिथेही आहेत. फरक असा की तिथे पंधराव्या दिवशी ओळख सुरू होते.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे, म्हणून जास्त अवघड. लोक म्हणतात, तरुणांच्या उत्साहावर पाणी ओतू नका. कोटणीसही तरुणच होते. बरे झाले तुम्ही ते नाव काढले! सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही झाले नव्हते. मुंबईत पदवी घेऊन ते पुढच्या परीक्षेची तयारी करीत होते. चीनवर जपानचे आक्रमण झाले होते आणि काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. डॉ. अटल, डॉ. चोळकर, डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी हे बाकीचे चौघे. कोटणीसांनी काय केले ते बघा. ते चिनी भाषा बोलायला आणि लिहायला शिकले. आघाडीवर जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, बेथून यांच्या नावाच्या इस्पितळाचे प्रमुख झाले आणि तिथल्या मुलांना त्यांच्याच भाषेत वैद्यक शिकवले. तिथल्याच परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. चौघे यथावकाश परत आले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कोटणीस तिथेच गेले. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला आणि तो पाहून आपल्या आजी-आजोबांचे डोळे ओले झाले. प्रत्येक मुलाने परमुलखात मरावे असे कोण म्हणेल? पण कोटणीसांचे नाव घेऊन आठ दिवसांची सहल करायची असेल, तर निदान आधी त्यांच्यासारखी भाषा शिका आणि त्यांच्यासारखे मागे चार शिकलेले हात ठेवा.

मिशन हा शब्द आपल्याला नवा नाही. डॉ. विल्यम वॉनलेस परदेशातून येऊन मिरजेत राहिले, १८९४ साली तिथे त्यांनी इस्पितळ उघडले, आणि तीन दशकांहून अधिक काळ तिथे काढला. त्यांच्या धर्मकार्याविषयी कुणाचे मत काहीही असो, मिरजेतल्या रोग्याला उद्या डॉक्टर सापडेल की नाही ही शंका नव्हती. १९७३ साली हेमलकशाला गेलेले डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनाही माडिया भाषा शिकावी लागली, लोकांचा विश्वास बसेपर्यंत थांबावे लागले. मिशन चालते ते थांबणाऱ्यांच्या जोरावर.

पण खरा धडा मला जामखेडचा वाटतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली त्या दुष्काळी तालुक्यात गेले. तिथे त्या वेळी हजारातली पावणेदोनशेच्या आसपास मुले वर्षाच्या आत दगावत. आरोळे पतिपत्नींनी गावोगावच्या बायका निवडायला सांगितल्या. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. कित्येक अशा जातींतल्या होत्या की ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते. ह्या बायका बाळंतपण, हगवण, लसी, पाण्याची स्वच्छता सारे शिकल्या, आणि शिकून आपापल्या गावातच राहिल्या. बालमृत्यू पुढे कितीतरी पटींनी उतरले. आज जगभरचे लोक जामखेडला जातात ते ह्या बायकांकडून शिकायला. कुणाला शिष्य व्हायला हरकत नसेल, तर परदेशी विद्यार्थ्यासाठी जागा ही तिथे आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हाच विचार पुढे नेला. तिथल्या ३९ गावांत खेड्यातल्याच बायकांना नवजात बाळांची घरोघर काळजी घ्यायला शिकवले. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि तो अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या ख्यातनाम नियतकालिकात छापून आला. ह्या बायका गरज पडल्यास तान्ह्या बाळाला इंजेक्शनसुद्धा देत.

इथे कुणी हुशार बाप मला पकडणार : चार बुके शिकलेली खेडवळ बाई इंजेक्शन देते ते चालते आणि माझ्या वैद्यकीय कॉलेजातल्या मुलाने गोळी दिलेली चालत नाही, हा कुठला न्याय? हा न्याय असा आहे. त्या बाईला थोडक्याच गोष्टी शिकवल्या होत्या, पण त्या घोटून घेतल्या होत्या. तिच्या कामावर देखरेख होती आणि प्रत्येक बाळाची नोंद होती. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच गल्लीत राहत होती. बाळाचे काही बरेवाईट झाले तर तिला त्या आईच्या तोंडाकडे बघावे लागणार होते. तुमच्या मुलाला कुणाच्या तोंडाकडे बघावे लागते?

ह्याच वाटेने २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' आली आणि पुढे शहरी वस्त्यांतही आली. आपल्या सरकारी मराठीत तिला 'आशा स्वयंसेविका' म्हणतात. हा शब्द वाचकांनी दोनदा वाचावा. न्यू जर्सीचा भाचा स्वयंसेवक आणि पालीची आशाताईही स्वयंसेविका! एकाला त्यासाठी विमानाचे तिकीट, प्रमाणपत्र आणि कॉलेजात प्रवेश. दुसरीला कामागणिक मोजून दिलेला मोबदला, आणि तो वाढावा म्हणून रस्त्यावर बसण्याची पाळी. २०२१ साली, करोनाच्या काळात, महाराष्ट्रातल्या आशांना संप करावा लागला. २०२३ मध्ये पुन्हा करावा लागला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाखांवर आशांचा गौरव केला. गौरवाने घर चालत नाही. विद्यार्थ्यांच्या एका दौऱ्यावर प्रवास, निवास, टी-शर्ट आणि फलक यांसाठी जो खर्च होतो, त्यात एखाद्या वस्तीतल्या अशा बाईचे किती महिने नीट निघतील, याचा हिशेब दौरा काढणाऱ्यांनी एकदा कागदावर मांडून पाहावा.

मग विद्यार्थ्यांनी घरी बसावे काय? मुळीच नको. त्यांच्या दोन पायांची आणि इंग्रजी वाचणाऱ्या डोळ्यांची आम्हांला फार गरज आहे. आमच्या गावातल्या माणसाला परळच्या केईएममध्ये जायचे झाले, की रोगापेक्षा खिडक्यांची भीती अधिक. केसपेपर कुठे काढायचा, रक्त कुठे द्यायचे, महात्मा फुले योजनेला कोणते कागद लागतात, हे सांगणारा एक जाणता मुलगा बरोबर असला तर निम्मे दुखणे तिथेच हलके होते. रांगेत उभे राहावे, अर्ज भरावा, रोग्याची पिशवी धरावी. आशाताईच्या वह्या नीट लावून द्याव्यात. ज्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या त्यांच्या दारी दर महिन्याला जाऊन आठवण करावी. ह्या कामात स्टेथॉस्कोप लागत नाही आणि छायाचित्रही फारसे चांगले येत नाही. म्हणूनच त्याला गर्दी होत नाही.

संस्थांकडे माझ्या मागण्या चारच आहेत. नोंदणी असलेला डॉक्टर शेवटचा रोगी उठेपर्यंत जागेवर असावा. रोग्याची भाषा बोलणारे प्रौढ माणूस, आणि बायकांसाठी बाई, जवळ असावी. शाळेच्या पोरांना ह्या कामाला जुंपू नये. प्रत्येक कागदावर वाचता येईल असे नाव, आणि पुन्हा कधी येणार ती तारीख असावी. आणि येण्याआधी वस्तीतल्या आशाताईला विचारावे की तुला काय हवे. ती 'काही नको' म्हणाली तर येऊ नये.

आणि आईबापांकडे एकच मागणे आहे. ह्या दिवाळीत तुमच्या घरी फराळाला कुणी भाचा, पुतण्या, नात येईल आणि सेवेच्या दौऱ्याची छायाचित्रे दाखवील. कौतुक करा, लाडू द्या. पण त्या छायाचित्रातल्या एखाद्या बाईवर बोट ठेवून विचारा : हिचे नाव काय? हिला काय झाले होते? आता कशी आहे ती? मुलाला तिन्ही प्रश्नांची उत्तरे देता आली, तर माझा हा लेख फाडून टाका. नाही देता आली, तर पुढच्या सुट्टीत त्याला त्याच गावी परत पाठवा, स्टेथॉस्कोप घरी ठेवायला सांगून.